पाण्याखालचा लोखंडी दरवाजा

विद्यार्थी मित्रांनो, विज्ञानाच्या तासाला तुम्ही एक प्रयोग पाहिला असेल. चुन्याच्या निवळीत नळीने फुंकले, की निवळी दुधासारखी पांढरी होते. आपल्या उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड वायू चुन्याशी संयोग पावतो, म्हणून असे घडते. या साध्या गोष्टीशी नाते असलेली एक खरी हकीकत आज आपण वाचू या.

इंग्लंड आणि वेल्स यांच्या मधून सेव्हर्न नावाची रुंद नदी वाहते. तिच्या तळाखालून रेल्वेसाठी बोगदा खणण्याचे काम 1873 साली सुरू झाले. ऑक्टोबर 1879 मध्ये एके दिवशी खणता खणता जमिनीखालचा एक प्रचंड झरा फुटला. पाणी वेगाने आत शिरले. मजूर जीव वाचवून पळाले. त्या घाईत बोगद्यातील एक लोखंडी दरवाजा उघडाच राहिला. सारे काम पाण्याखाली गेले. पंप लावले, पण पाणी हटेना. तो दरवाजा बंद केल्याशिवाय उपाय नव्हता.

दरवाजा बोगद्यात सुमारे 300 मीटर आत होता. पाणी गढूळ, काळोख असा की डोळ्यांपुढे धरलेला हातही दिसू नये. वाटेत दगड, लाकडे आणि मजुरांनी टाकलेली हत्यारे पडलेली. अलेक्झांडर लॅम्बर्ट नावाचा अनुभवी पाणबुड्या या कामासाठी पुढे आला.

त्या काळी पाणबुड्याला बाहेरून लांब नळीने हवा पुरवत असत. लॅम्बर्ट आत गेला. दरवाजा थोड्याच अंतरावर राहिला होता. पण हवेने भरलेली नळी तरंगून बोगद्याच्या छताला लागली आणि तेथील लाकडांत अडकू लागली. सारी ताकद लावूनही ती पुढे ओढली जाईना. लॅम्बर्टला परत फिरावे लागले.

याच सुमारास हेन्री फ्ल्यूस याने नळीची गरजच नसलेले एक नवे यंत्र तयार केले होते. त्याची युक्ती अशी. आपण हवा आत घेतो तेव्हा तिच्यात सुमारे 21 टक्के ऑक्सिजन असतो. बाहेर सोडतो तेव्हाही सुमारे 16 टक्के शिल्लक असतो. म्हणजे बराचसा ऑक्सिजन आपण न वापरताच परत देतो! मग तोच श्वास पुन्हा का वापरू नये? फ्ल्यूसच्या यंत्रात उच्छ्वास एका रसायनातून जाई. ते रसायन कार्बन डायऑक्साइड शोषून घेई. खर्च झालेला ऑक्सिजन लहान टाकीतून भरून निघे. अशा यंत्राला आज ‘रिब्रीदर’ म्हणतात.

फ्ल्यूस स्वतः यंत्र घालून बोगद्यात उतरला, पण त्याला पाण्याखालच्या कामाचा सराव नव्हता. तो परत आला. नोव्हेंबर 1880 मध्ये लॅम्बर्टने ते यंत्र पाठीवर घेतले. चाचपडत तो दरवाजापाशी पोहोचला. पाहतो तो काय, मजुरांच्या गाड्यांचे रूळ दरवाजातून गेलेले! ते काढल्याशिवाय दरवाजा लागणार नव्हता. त्याने एक रूळ उपटला. दुसरा निघेना. काम अर्धे झाले होते, पण लॅम्बर्ट थांबला नाही. तो माघारी वळला. नंतर तो पुन्हा आत गेला, दुसरा रूळ काढला, दरवाजा लावला आणि शेजारची झडपही फिरवली.

तरीही पाणी उपसायला अपेक्षेपेक्षा जास्त वेळ लागला. पुढे कारण कळले. त्या झडपेचे आटे उलटे होते. ती बंद होते असे समजून लॅम्बर्टने फिरवली आणि ती उघडली गेली! चूक त्याची नव्हती. ही बाब त्याला कोणी सांगितलीच नव्हती. पण दरवाजा लागला होता आणि तेच मोठे काम होते. 1886 साली सुमारे 7 किलोमीटर लांबीचा हा बोगदा सुरू झाला. आजही त्यातून गाड्या धावतात.

आज पाण्याने भरलेल्या गुहांत आणि बुडालेल्या जहाजांत उतरणारे अनेक पाणबुडे रिब्रीदर वापरतात. त्यात आता सोडा-लाइम, म्हणजे चुन्यापासून बनवलेला पदार्थ, कार्बन डायऑक्साइड शोषतो. पण धोका संपलेला नाही. सोडा-लाइम निकामी झाले, तर विषारी वायू साचून माणूस बेशुद्ध होतो. शुद्ध ऑक्सिजनही सुमारे 6 मीटरपेक्षा खोल पाण्यात घातक ठरू शकतो. लॅम्बर्टच्या काळी पाणबुड्यांना याची पुरेशी जाण नव्हती. शिवाय गुहेत डोक्यावर छत असते. घाबरून सरळ वर येता येत नाही. म्हणून हे पाणबुडे आत जाताना दोरी अंथरत जातात आणि संकटासाठी वेगळी टाकी जवळ ठेवतात. वेळ झाली, की काम अर्धे टाकून परततात.

मुलांनो, उर्दूत ‘ज़िद’ म्हणजे हट्ट. मराठीत ‘जिद्द’ म्हणजे न हरता पुन्हा प्रयत्न करण्याची वृत्ती. लॅम्बर्ट पहिला रूळ काढून तिथेच अडून बसला असता, तर तो हट्ट झाला असता. तो परत आला आणि पुन्हा गेला. ही जिद्द!

शब्दार्थ
बोगदा – जमिनीतून किंवा डोंगरातून काढलेला रस्ता
पाणबुड्या – पाण्याखाली जाऊन काम करणारा माणूस
उच्छ्वास – बाहेर सोडलेला श्वास
झडप – पाणी अडवण्याचे किंवा सोडण्याचे साधन
निकामी – उपयोगी न राहिलेले

स्वाध्याय
1. लॅम्बर्टला पहिल्या वेळी परत का फिरावे लागले?
2. रिब्रीदरमध्ये तोच श्वास पुन्हा कसा वापरता येतो?
3. ‘हट्ट’ आणि ‘जिद्द’ यांतील फरक स्वतःच्या अनुभवातील उदाहरण देऊन लिहा.
4. वाक्यांत उपयोग करा : जीव वाचवणे, माघारी वळणे, चाचपडणे.