एक यादी, एक दार

पाखराला घरटे असते. मुंगीला वारूळ असते. दिवसभर राबलेल्या माणसालाही संध्याकाळी टेकायला आपले म्हणून एक ठिकाण लागते. पण आपल्या खानदेशात असेही लोक आहेत, की दिवस मावळला म्हणजे त्यांना एकच घोर पडतो. आज रात्री निजायचं कुठं?

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या वर जातो. पौषात तापीकाठी हुडहुडी भरते. पाऊस तर कोणाला विचारून येत नाही. ऊन, थंडी आणि पाऊस ज्याच्या थेट अंगावर येतात, तो बेघर. अशा माणसाला घरापर्यंत कसे पोचवायचे, ते या धड्यात पाहू. हे एकट्याचे काम नाही. सगळ्या गावाने मिळून करायचे काम आहे.

बेघर कोण?

बेघर म्हणजे भिकारी, असे काही लोक म्हणतात. तसे नाही, मंडळी. केळीचे घड ट्रकात भरणारा मजूर बेघर असू शकतो. बाजारात ओझी वाहणारा हमाल बेघर असू शकतो. सासरी ठेवले नाही आणि माहेरी घेतले नाही, अशी बाई बेघर असते. मुलगा विचारीत नाही, असा म्हातारा बेघर होतो. पाल टाकून गावोगाव फिरणारे कुटुंब बेघर असते. मन ठिकाणावर नाही म्हणून वाट चुकलेला माणूसही बेघरच.

२०११ सालच्या जनगणनेत बेघरांची वेगळी मोजणी झाली. ती २८ फेब्रुवारीला, एका रात्रीत केली. रात्रीच का? दिवसा हा माणूस कामाला जातो, इकडेतिकडे हिंडतो. रात्री मात्र तो निजल्या जागी सापडतो. त्या मोजणीत देशात सुमारे १७ लाख ७३ हजार बेघर निघाले. महाराष्ट्रात २ लाख १० हजारांहून जास्त निघाले.

मदत होते, मग अडते कुठे?

समजा, एका गावात मारुतीच्या देवळात एक आजी राहते. कोणी विचारले तर म्हणते, "माले घर नही, भाऊ." शेजारची सून तिला भाकरी देते. गणपती मंडळ गोधडी देते. रेशन दुकानदार म्हणतो, "कार्ड आण, धान्य देतो." कार्ड काढायला गेली तर म्हणतात, "पत्ता आण." सरपंच म्हणतात, "पुढच्या यादीत बघू."

इथे वाईट कोणीच नाही. प्रत्येकाने थोडे थोडे केले. पण तीन वर्षे झाली तरी आजी देवळातच! कारण काय? तिला शेवटपर्यंत पोचवायचे काम कोणाचेच नव्हते. एक ना धड, भाराभर चिंध्या, अशी ती मदत झाली.

गाडगेबाबांनी बेघरांना आसरा देणे हे देवाचेच काम मानले. त्यांनी नाशिक, पंढरपूर, आळंदी येथे धर्मशाळा बांधविल्या. २० डिसेंबर १९५६ रोजी बाबा गेले, पण त्यांचे काम मागे राहिले. धर्मशाळा रात्र काढायला असते. घर आयुष्य काढायला असते. दोन्ही हवीत. पण एकीतून दुसऱ्यापर्यंत जाणारी वाटही हवी. ती वाट गावाने बांधायची आहे. ती कशी, ते आता सांगतो.

पहिले काम : नावानिशी यादी

"गावात बेघर किती?" असे विचारू नका. "कोण कोण?" असे विचारा. वीस जण बेघर आहेत, असे ऐकून कोणाची झोप उडत नाही. देवळातल्या आजीचे नाव घेतले, म्हणजे मन हलते आणि कामही सुचते.

चार-पाच जणांनी मिळून रात्री फेरी काढावी. बरोबर एखादी बाई जरूर असावी. देऊळ, बसथांबा, बाजाराचे ओटे, पडक्या शाळा, वीटभट्टी, गावाबाहेरची पाले, सगळे पाहावे. उजेड तोंडावर मारू नये. नमस्कार करून बोलावे. माणूस "नाव लिहा" म्हणाला, तरच लिहावे.

वहीत सहा रकाने पाडा. नाव काय? कुठे निजतो? किती दिवसांपासून? कोणते कागद आहेत? काय अडले आहे? आणि सहावा रकाना सर्वांत महत्त्वाचा : याचे काम कोणी अंगावर घेतले आहे?

ऊसतोडीला किंवा मजुरीला गुजरातेत गेलेल्या कुटुंबांना विसरू नका. सर्वेवाला येतो तेव्हा ती माणसे गावात नसतात. झोपडीला ताटी लावलेली दिसते आणि नाव राहून जाते. त्यांची नावे शेजाऱ्यांना विचारून ठेवा. ते परतले की त्यांच्याकडून खात्री करून घ्या.

दुसरे काम : एक दार

आजीने पाच दारे का झिजवावी? गावाने एकच दार ठरवावे. ग्रामपंचायतीत आठवड्यातून एक दिवस, एक वेळ नेमावी. बेघराने तिथे यावे. त्याला येता येत नसेल, तर गावाने त्याच्याकडे जावे. एकदा सांगितलेली हकीगत पुन्हापुन्हा सांगायला लावू नये.

महिन्यातून एकदा सगळ्यांनी वही उघडून बसावे. सरपंच यावेत. ग्रामपंचायत अधिकारी, ज्यांना आपण ग्रामसेवक म्हणत आलो, ते यावेत. आशाताई, पोलीस पाटील, शाळेचे गुरुजी, बचत गटाच्या बाया, रेशन दुकानदार, सारे यावेत. एकेक नाव वाचावे. "मागच्या महिन्यात काय ठरले? झाले का? का नाही झाले?" एवढे तीनच प्रश्न विचारावे.

नाव केव्हा खोडायचे? गोधडी दिली म्हणून खोडायचे नाही. अर्ज केला म्हणूनही नाही. माणूस आपल्या छपराखाली निजू लागला, म्हणजेच नाव खोडायचे. तो गाव सोडून गेला, तर कुठे गेला ते लिहून ठेवायचे.

वही मात्र कुलपात ठेवा. एखाद्या बाईवर घरात काय गुदरले, हे चावडीवर वाचून दाखवायचे नसते.

तिसरे काम : आधी कोण?

घर एक आणि मागणारे दहा, असे झाले तर? मग जो ओळखीचा, त्याला आधी, असे होता कामा नये. जो ओरडतो, त्यालाही आधी नव्हे. ज्याच्या जिवाला धोका जास्त, तो पुढे. तान्हे मूल घेऊन उघड्यावर असलेली आई, आजारी माणूस, अपंग, एकटी बाई, थकलेला म्हातारा, असा क्रम ग्रामसभेने आधीच ठरवावा. नियम आधी ठरला, म्हणजे नंतर भांडण राहत नाही.

मन बिघडलेला माणूस रस्त्यावर भटकताना दिसला, तर त्याला दगड मारणारी पोरे आवरा आणि पोलीस ठाण्याला कळवा. २०१७ सालच्या कायद्याने अशा माणसाला संभाळून २४ तासांत सरकारी दवाखान्यात नेण्याचे काम पोलिसांवर सोपवले आहे. असे रोगी बरे होतात बरं का. रायगड जिल्ह्यात कर्जतजवळ डॉ. भरत वाटवानी यांची संस्था रस्त्यावरच्या मनोरुग्णांवर उपचार करते आणि त्यांना घरी पोचवते. या कामासाठी त्यांना २०१८ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

चौथे काम : कागद

घर नाही म्हणून कागद नाही, आणि कागद नाही म्हणून घर नाही. हा चरक कुठेतरी तोडावा लागतो. मतदारयादीपासून सुरुवात करा. घराचा पुरावा नसला तरी बेघराचे नाव मतदारयादीत घालता येते. निवडणूक आयोगाच्या नियमाप्रमाणे नोंदणी करणारा कर्मचारी, त्याला बीएलओ म्हणतात, रात्री जाऊन पाहतो. माणूस सांगितलेल्या जागी निजतो, याची खात्री झाली की पुरे.

मग घरकुलाकडे वळा. पंतप्रधान आवास योजना ग्रामीण २०१६ साली सुरू झाली. तिच्यातले घर निदान २५ चौरस मीटरचे, म्हणजे सुमारे २७० चौरस फुटांचे असावे, असे ठरले. सुरुवातीला सपाट भागात १ लाख २० हजार आणि डोंगराळ भागात १ लाख ३० हजार रुपये मदत ठरली होती. राज्याच्या योजनाही आहेत. अनुसूचित जातींसाठी आणि नवबौद्धांसाठी रमाई आवास, आदिवासींसाठी शबरी घरकुल, भटक्या-विमुक्तांसाठी यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत. ज्याला जागाच नाही, त्याला जागा घ्यायला पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाची योजना आहे. रकमा आणि अटी बदलत असतात. म्हणून पंचायत समितीत जाऊन ताजी माहिती घ्या.

घरकुलाची यादी ग्रामसभेपुढे येते. त्या सभेला १५ टक्के मतदार किंवा १०० मतदार, यांतले जे कमी, तेवढे हजर लागतात. घर असलेल्यांनी सभेला गेलेच पाहिजे. कारण बेघर त्या दिवशीही कामावर असतो. त्याचे नाव वाचले गेले नाही, तर विचारणारा कोणी हवा.

शहरात काय करावे?

आपल्या गावचा माणूस कामासाठी शहरात जातो. तिथे भाड्याची खोली परवडत नाही. मग जळगाव, धुळे, भुसावळ येथे स्टेशनाजवळ, पुलाखाली, दुकानाच्या पायरीवर रात्र काढतो. २०१३ साली केंद्र सरकारने शहरी बेघरांसाठी निवाऱ्याची योजना आणली. दर एक लाख वस्तीमागे निदान १०० माणसांची सोय होईल, असा बारमाही, रात्रंदिवस उघडा निवारा असावा, असे तिच्यात धरले होते.

आता हिशोब करू. २०११ साली जळगाव शहराची वस्ती सुमारे ४ लाख ६० हजार होती. धुळ्याची सुमारे ३ लाख ७५ हजार. म्हणजे जळगावात निदान ४०० आणि धुळ्यात निदान ३०० माणसांची सोय हवी. तुमच्या शहरात किती आहे? नगरसेवकाला विचारा. विचारणे हा आपला हक्क आहे.

हिशोब उघडा हवा

जळगावला १९९० नंतरच्या दशकात नगरपालिकेने गरिबांसाठी हजारो घरकुले बांधायला काढली. पुष्कळ घरे पुरी झालीच नाहीत. पैशांच्या व्यवहाराबद्दल खटला झाला. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी धुळ्याच्या विशेष न्यायालयाने ४८ जणांना शिक्षा सुनावल्या. पुढे प्रकरण वरच्या न्यायालयात गेले.

आपण यातून काय घ्यावे? नुसती घरे मोजून भागत नाही. कोणते घर कोणाला, पैसे किती आले, किती गेले, काम कुठवर आले, हे फळ्यावर लिहिलेले हवे. तो फळा वाचता येणारी माणसेही हवीत. तुम्ही आता वाचू लागला आहात. मग पहिला फळा हाच वाचा!

दूरची एक गोष्ट

युरोपात फिनलंड नावाचा फार थंड देश आहे. पूर्वी तिथे बेघराला सांगत, "आधी दारू सोड, काम शोध, मग घराचं बघू." २००८ साली त्या सरकारने उलटा क्रम धरला. आधी घर, मग औषधपाणी आणि काम. २०२२ पर्यंत तिथले बेघर निम्म्याहून कमी झाले. फिनलंड श्रीमंत आहे, हे खरे. पण आमच्या मते त्यातली गोम पैशात कमी आणि क्रमात जास्त आहे. ज्याला निजायला जागा नाही, त्याला उद्याचा विचार कसा सुचणार?

तेव्हा मंडळी, पुढच्या ग्रामसभेला एक कोरी वही घेऊन जा. तिच्या पहिल्या पानावर पहिले नाव लिहा. आणि सहाव्या रकान्यात कोणाचे तरी नाव लिहिल्याशिवाय वही मिटू नका.

सांगा पाहू

१. बेघरांची मोजणी रात्री का करतात?
२. वहीतला सहावा रकाना कशाचा आहे? तो महत्त्वाचा का?
३. यादीतले नाव केव्हा खोडावे?
४. तुमच्या गावात रात्री उघड्यावर कोण निजते? त्याला किंवा तिला विचारून, नाव स्वतःच्या हाताने लिहा.