पासवर्ड बरोबर, घड्याळ चुकलेलं

जयपूरच्या जंतरमंतरात सम्राट यंत्रापाशी उभं राहिलं की सावली डोळ्यांदेखत सरकताना दिसते. सेकंदाला साधारण एक मिलिमीटर. सवाई जयसिंगाने अठराव्या शतकात उभारलेल्या या २७ मीटर उंच सूर्यघड्याळावर सरावलेला माणूस दोन सेकंदांपर्यंत वेळ वाचू शकतो. पण ती वेळ जयपूरची. भारतीय प्रमाणवेळ मिर्झापूरजवळच्या रेखांशावरची, म्हणून दोहोंत सुमारे २७ मिनिटांचा फरक पडतो, तोही ऋतूप्रमाणे कमी-जास्त होतो. गाईड हे सांगतो, पर्यटक फोटो काढतो, विषय संपतो.

जयपूरच्याच सीतापुरा औद्योगिक वसाहतीत घड्याळाचा विषय इतक्या सहज संपत नाही. तिथलं रत्नं निर्यात करणारं एखादं ऑफिस डोळ्यांसमोर आणा. तीस-चाळीस संगणक, कोपऱ्यातल्या एसीच्या खोलीत सर्व्हर. सोमवारी सकाळी अकाउंटंटला लॉगिन होत नाही. पासवर्ड बदलून दिला, तरी नाही. पुन्हा बदलला, पुन्हा तेच. शेवटी सिस्टीम अॅडमिन येतो आणि पासवर्डाचं नावही न काढता स्क्रीनच्या खालच्या कोपऱ्यात बघतो. तारीख कित्येक वर्षं मागची. मदरबोर्डवरचा बटणाएवढा सेल संपला होता. सर्व्हरच्या आणि संगणकाच्या घड्याळात पाच मिनिटांहून जास्त तफावत पडली, तर विंडोजचं डोमेन नेहमीच्या मांडणीत बरोबर पासवर्डसुद्धा नाकारतं. दुरुस्ती किरकोळ. खरं काम होतं ते कुठे बघायचं हे कळण्याचं.

‘मुलाला एवढं शिकवलं आणि आता सिस्टीम अॅडमिन होऊन राउटर बंद-चालू करतो’ अशी तक्रार करणारे पालक मला नेहमी भेटतात. त्यांना मी हेच उदाहरण देतो. डॉक्टरही बऱ्याचदा नाडीच बघतात. फी नाडी बघण्याची नसते.

ईमेलचं बिघडणं याहून गुंतागुंतीचं. त्याच ऑफिसातून अँटवर्पच्या ग्राहकाला पाठवलेली बिलं अचानक स्पॅममध्ये जाऊ लागली असं समजा. मालक म्हणतो, सर्व्हर जुना झाला, नवा घ्या. विक्रेता लगेच हो म्हणतो. शहाणा अॅडमिन आधी विचारतो: कधीपासून? आणि त्याच्या आदल्या दिवशी काय बदललं? ऑफिसातल्या ऑफिसात मेल पोचते का, जीमेलवर पोचते का, परत आलेल्या मेलमध्ये कोणता क्रमांक आहे, हे तो एकेक करून तपासतो. मग कळतं की दिवाळीचा कॅटलॉग हजारोंना पाठवायला एक मार्केटिंगवाला नेमला होता आणि त्याने कंपनीच्या डोमेनवर आणखी एक एसपीएफ नोंद टाकली होती. आमच्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात, हे जगाला सांगणारी ही नोंद. ती एका डोमेनला एकच असावी लागते. दोन असल्या की समोरचा सर्व्हर दोन्ही बाद धरतो. दोन्ही ओळी एकत्र करून एक केली की काम झालं. गूगल आणि याहूने फेब्रुवारी २०२४ पासून मोठ्या संख्येने मेल पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क या पडताळण्या सक्तीच्या केल्यावर अशा चुका झाकून राहत नाहीत.

जयपूरचं ईमेलशी आणखी एक नातं आहे आणि ते मराठी मुलांनाही जवळचं वाटावं. देवनागरीतलं ‘.भारत’ हे डोमेन ऑगस्ट २०१४ मध्ये सुरू झालं. ते हिंदीइतकंच मराठीचंही आहे. जयपूरच्याच डेटा एक्सजेन या कंपनीने २०१६ मध्ये भारतीय भाषांतली ‘डेटामेल’ सेवा आणली आणि डिसेंबर २०१७ मध्ये राजस्थान सरकारने नागरिकांना ‘राजस्थान.भारत’वर हिंदी ईमेल पत्ते देऊ केले. ऐकायला छान. पण असा पत्ता पोचवायला वाटेतल्या प्रत्येक मेल सर्व्हरला देवनागरी समजावी लागते. एकाला समजली नाही तरी पत्र परत. ‘तुमचा पत्ता चुकीचा आहे’ असं उत्तर आलं, तर चूक पत्त्याची नसून सर्व्हरची आहे हे ओळखणारी माणसं अजून कमीच आहेत.

दुरून काम करण्याच्या सोयीबद्दल मात्र मी कडक बोलतो. मालकाला घरून टॅली बघायची असते, म्हणून नवखा मुलगा फायरवॉलमधून रिमोट डेस्कटॉपचं ३३८९ क्रमांकाचं पोर्ट थेट इंटरनेटला उघडून देतो. पाच मिनिटांचं काम, मालक खूश. खंडणीखोर असे उघडे दरवाजे यंत्रं लावून रात्रंदिवस शोधत असतात. व्हीपीएन, दुहेरी पडताळणी आणि ज्याला जेवढं लागतं तेवढाच प्रवेश, यात तडजोड नको. शिवाय दुरून जाण्याची वाट एकच ठेवू नये. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक सुमारे सहा तास बंद पडलं, तेव्हा त्यांच्या अभियंत्यांची आतली साधनंही त्याच बंद नेटवर्कवर अवलंबून होती; शेवटी माणसांना प्रत्यक्ष डेटा सेंटरमध्ये जावं लागलं. राजस्थानात तर हा धडा वेगळा द्यायला नको. त्याच वर्षी २६ सप्टेंबरला ‘रीट’ या शिक्षक पात्रता परीक्षेसाठी राज्याच्या बऱ्याच भागांत मोबाइल इंटरनेट बंद ठेवलं होतं. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर भिस्त ठेवणाऱ्याने अशा दिवशी काय करायचं?

जबाबदारी कायद्याचीही आहे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना कळल्यापासून सहा तासांत कळवावी लागते, १८० दिवसांचे लॉग जपावे लागतात आणि सर्व्हरची घड्याळं ठरलेल्या वेळेशी जुळलेली असावी लागतात. पुन्हा घड्याळच.

आता शिक्षण. दहावीनंतर आयटीआय किंवा तीन वर्षांचा डिप्लोमा, बारावीनंतर बीसीए, बीएस्सी आयटी किंवा इंजिनीअरिंग, यातल्या कुठल्याही वाटेने येता येतं. महाराष्ट्रात एमएस-सीआयटी आणि राजस्थानात तिचीच धाकटी बहीण म्हणावी अशी आरएस-सीआयटी घरोघरी पोचली, पण ती संगणक वापरण्याची साक्षरता आहे, सांभाळण्याची नव्हे. प्रमाणपत्रांत नेटवर्कसाठी सीसीएनए आणि लिनक्ससाठी आरएचसीएसए यांना वजन आहे. दुसऱ्या परीक्षेत पर्याय निवडायचे नसतात, चालत्या यंत्रावर काम करून दाखवावं लागतं. क्लासच्या फलकावर अजून ‘एमसीएसई’ दिसलं तर फी भरण्याआधी थांबा. मायक्रोसॉफ्टने ते जानेवारी २०२१ अखेर बंद केलं आहे.

क्लासपेक्षा मी एक जुना संगणक घेऊन द्यायला सांगतो. त्यावर व्हर्च्युअल यंत्रं बसवायची, स्वतःचं डोमेन आणि मेल सर्व्हर उभा करायचा, मग मुद्दाम मोडायचा. डीएनएसची एक नोंद पुसायची, डिस्क भरून टाकायची, बॅकअपमधून सगळं परत उभं करून बघायचं. बॅकअप घेतात सगळे, परत आणून बघणारे थोडे. काय बिघडलं, काय केलं, हे वहीत तारखेसह लिहायचं. मुलाखतीत गुणपत्रिकेबरोबर ही वहीही पुढे करावी.

पहिली नोकरी बहुधा हेल्पडेस्कची मिळते आणि ती कंटाळवाणी असते. रात्रपाळी, रविवारी अपडेट, ऐन दिवाळीत फोन. सगळं नीट चाललं की लोक विचारतात, याचं काम काय? हे सोसत नसेल त्याने येऊ नये, त्यात कमीपणा नाही. क्लाउड आल्यावर हे काम संपलं असंही नाही; सर्व्हर दुसऱ्याच्या इमारतीत गेला, लॉगिन न होण्याचा फोन अजून आपल्यालाच येतो.

आणि मुलाचा कल बघायचा असेल तर कल चाचणीआधी एक करा. पुढच्या वेळी घरचं वायफाय गेलं की गप्प बसा आणि बघा. तो लगेच राउटरची वायर उपटतो, की आधी विचारतो, ‘तुमच्या मोबाइलवर पण गेलंय का, की फक्त माझ्या?’