आजी म्हणते दुखतं, म्हणजे दुखतं

नर्सिंगच्या मुलींना शिकवताना वेदनेबद्दल मलाच जे उमगत गेलं, ते इथे मांडते.

१. शून्य ते दहाची पट्टी वर्गात सोपी वाटते, गावात ती अडते. चिखली तालुक्यातल्या अमडापूरला गृहभेटीत एका विद्यार्थिनीने गुडघे धरून बसलेल्या आजींना विचारलं, "दहापैकी किती दुखतं?" आजी नुसत्या बघत राहिल्या. शेतकऱ्याघरची दुसरी मुलगी खाली टेकली आणि म्हणाली, "आजी, रात्री कूस बदलता येते का? संडासला बसता येतं का?" आजींनी लगेच तिचा हात धरला. "रातभर डोया नाही लागत माय." त्या मुलीला हे मी शिकवलं नव्हतं. आता मी ते तिच्याकडून घेतलंय.

२. वेदनेला चेहरा असतोच असं नाही. जुन्या दुखण्यात नाडी आणि बीपी ठीक असू शकतं, माणूस हसूनही बोलतो. मुली हळूच विचारतात, "मॅडम, खरंच दुखत असेल का?" अमेरिकन परिचारिका मार्गो मॅककॅफरी यांनी 1968 मध्येच मांडलं होतं की रुग्ण सांगेल तीच वेदना. मुली हे पाठ करतात; पण सोसण्याचंच कौतुक होणाऱ्या घरांतून आलेल्या मुलींना कण्हणाऱ्या बाईवर विश्वास ठेवायला वेळ लागतो. कळा देणाऱ्या बाईला 'एवढं काय ओरडतेस' म्हटलेलं ऐकलं की माझ्या पोटात आजही तुटतं.

३. सगळ्यात घट्ट बसलेली भीती मॉर्फिनची. जागतिक आरोग्य संघटनेची 1986 ची वेदनाशमनाची शिडी, साध्या गोळीपासून मॉर्फिनपर्यंत चढणारी, मुली परीक्षेत बिनचूक काढतात, पण कॅन्सरच्या रुग्णाचं नाव निघालं की 'सवय लागेल' हेच पहिलं वाक्य. अमली पदार्थांचा 1985 चा कायदा इतका कडक होता की कित्येक दवाखान्यांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं. 2014 च्या दुरुस्तीने परवान्याची वाट सोपी केली. मनातली वाट अजून अवघडच आहे. आजार वाढला म्हणून डोस वाढवावा लागणं वेगळं आणि व्यसन वेगळं, हे मी पुन्हापुन्हा सांगते. श्वासावर लक्ष हवंच. पण रोजचा खरा त्रास बद्धकोष्ठतेचा, म्हणून पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून सोबत द्यायचं. अमेरिकेत मॉर्फिनच्या जातीच्या गोळ्या बेसुमार वाटल्या गेल्या आणि माणसं दगावली, तेही मुलींपासून लपवत नाही. मात्र तिथल्या अतिरेकाची शिक्षा हाडात कॅन्सर उतरलेल्या इथल्या माणसाला का?

४. बाळाला दुखलेलं आठवत नाही, म्हणून चालतं, असं आपण सहज धरून चालतो. लस टोचताना आईने बाळाला अंगावर पाजावं, असं जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये सुचवलं. याला खर्च काहीच नाही. लसीकरणाच्या दिवशी मुली आता आईला आधी नीट बसवून घेतात, पदर सावरू देतात, मग सुई उचलतात.

५. औषध दिलं की काम अर्धंच झालं. गोळीनंतर तासाभराने, शिरेतल्या इंजेक्शननंतर पंधरा ते तीस मिनिटांनी परत जाऊन विचारायचं आणि लिहायचं. वॉर्डात पेशंट फार आणि हात थोडे, त्यामुळे नेमकं हेच राहून जातं. विद्यार्थिनींकडे मात्र तेवढा वेळ असतो. म्हणून त्यांच्या वहीत मी आधी या दुसऱ्या फेरीची वेळ बघते, औषधाचं नाव नंतर.