चित्रकलेचा तास आणि खेड्यातील प्राथमिक शाळा

धाराशिव जिल्ह्याच्या वाशी तालुक्यातील तेरखेडा हे गाव फटाक्यांच्या निर्मितीसाठी सर्वदूर परिचित आहे. तेथील काय किंवा मराठवाड्यातील अन्य कोणत्याही खेड्यातील काय, तिसरी-चौथीच्या मुलाला 'चित्र काढ' असे सांगितले, की पुष्कळदा एकच चित्र कागदावर उतरते. दोन त्रिकोणी डोंगर, त्यांमधून उगवणारा सूर्य, वळणे घेत येणारी नदी, उतरत्या छपराची झोपडी आणि शेजारी नारळाचे झाड! वस्तुतः या मुलाच्या रोजच्या पाहण्यात नारळाची झाडे नसतात, की बारमाही वाहणारी नदीही नसते. जे त्याने पाहिलेले असते ते ज्वारीचे शिवार, बाभळीखाली बसलेली शेळी, पाण्यासाठी लागलेली घागरींची रांग आणि दिवाळीचे उजळलेले आकाश मात्र कागदावर येत नाही. हा दोष मुलाच्या हाताचा नव्हे. फळ्यावरील चित्र उतरवून घेणे म्हणजेच चित्रकला, असे त्याला शिकविले गेले, त्याचा हा परिणाम होय.

मुलाच्या रेषेचे वय

मुलांच्या चित्रांचा शास्त्रीय अभ्यास करणारे व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी १९४७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मुलांच्या चित्रविकासाच्या अवस्था मांडल्या. चार ते सात या वयात मूल वर्तुळे व रेषा यांतून माणूस घडविते. सात ते नऊ या वयात माणूस, झाड, घर यांसाठी त्याच्या स्वतःच्या खुणा ठरतात आणि कागदाच्या तळाशी जमिनीची रेषा येते. या चित्रांत आजी घराहून मोठी असते, कारण ती मुलाला अधिक महत्त्वाची वाटते. भिंत असूनही आतील चूल दिसते, कारण ती तेथे आहे हे त्याला ठाऊक असते. शिक्षकाने यास चूक मानून खोडरबर हाती देणे म्हणजे मुलाचा विचारच खोडणे होय.

नवव्या वर्षानंतर आपले चित्र 'खऱ्यासारखे' दिसावे, अशी ओढ मुलास लागते. ते तसे दिसत नाही, म्हणून ते स्वतःवरच नाराज होते. 'मला चित्र येत नाही' हे वाक्य बहुधा याच सुमारास प्रथम उच्चारले जाते व पुढे जन्मभर टिकते. चौथी-पाचवीच्या शिक्षकाची जबाबदारी म्हणूनच मोठी आहे.

सेवाग्रामचा अनुभव

खेड्यातील शाळेत कलाशिक्षण शक्य आहे काय, या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्रातच मिळते. शांतिनिकेतनात शिकलेले देवीप्रसाद १९४४ मध्ये वर्ध्याजवळील सेवाग्राम येथे कलाशिक्षक म्हणून आले व १९६२ पर्यंत नई तालीमच्या कार्यात राहिले. ते स्वतः कुंभारकामात निष्णात होते. कला हा वेळापत्रकाच्या कोपऱ्यातील विषय नसून ती शिक्षणाचा पाया आहे, ही त्यांची भूमिका होती. मुलांना चित्रकार बनविणे हा त्यामागील हेतू नव्हता. डोळे, हात व मन एकत्र काम करू लागावेत, हा हेतू होता.

एक पाठ : शेळी

उदाहरणादाखल एक पाठ पाहू. याच जिल्ह्याच्या जुन्या नावाने ओळखली जाणारी उस्मानाबादी शेळी मुलांच्या रोजच्या परिचयाची आहे. शिक्षकाने फळ्यावर शेळी काढू नये. शाळेच्या आवारात एक शेळी आणून बांधावी व दहा मिनिटे केवळ पाहण्यास सांगावे. कान उभे आहेत की लोंबते? पुढचा पाय कोठे मुडपतो? डोळ्यातील बाहुली गोल आहे की आडवी? ती आडवी असते, हे ध्यानात येताच मुलांस होणारा आनंद शिक्षकाने अवश्य पाहावा. त्यानंतर शेळी आत नेऊन मुलांना चित्र काढू द्यावे. तीस मुलांच्या तीस निरनिराळ्या शेळ्या झाल्या, तर पाठ साधला असे समजावे. शेवटी प्रत्येकाने आपल्या चित्राविषयी दोन वाक्ये बोलावीत. भाषेचा पाठही त्यातच होऊन जातो.

साहित्य गावातच

रंगपेट्यांच्या अभावी तास बुडविण्याचे कारण नाही. कोळसा, विटेचा तुकडा, गेरू, हळद, पळसाची फुले ही रंगद्रव्ये जवळच मिळतात. लिंबाची काडी ठेचली की कुंचला होतो. मात्र फटाक्यांच्या कारखान्यांतील टाकाऊ कागद वा पुठ्ठा मुलांच्या हाती कदापि देऊ नये. त्यास दारू चिकटलेली असण्याचा धोका असतो.

मातीकामासाठी तर हा जिल्हा भाग्यवान आहे. संत गोरोबाकाकांचे तेर हे गाव याच जिल्ह्यातील. प्राचीन तगर नगरीच्या या परिसरात सापडलेल्या मातीच्या मूर्ती तेथील रामलिंगप्पा लामतुरे शासकीय संग्रहालयात पाहावयास मिळतात. पोळ्याला मातीचे बैल करणाऱ्या मुलांनी एकवार त्या पाहिल्या, तर आपल्या बोटांखालची माती किती जुनी बोलकी आहे, हे त्यांस सांगावे लागणार नाही.

अधिकारी व पंचायत यांचे कर्तव्य

शिक्षण हक्क कायदा, २००९ अन्वये कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशकाची तरतूद सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी, तीही शंभराहून अधिक पट असलेल्या शाळांत आहे. पहिली ते पाचवीची जबाबदारी साहजिकच वर्गशिक्षकावर येते. गणित वा भाषा मागे पडली, की पहिला बळी कलेच्या तासाचा जातो, हे सर्वांस ठाऊक आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने कला व इतर विषयांची सांगड घालण्यावर भर दिला आहे. परंतु तास झालाच नाही, तर सांगड कशाशी घालावयाची?

तपासणीस जाणाऱ्या अधिकाऱ्यांनी भिंतीवरील चित्रे सुबक आहेत काय, हे पाहण्याऐवजी ती परस्परांहून वेगळी आहेत काय, हे पाहावे. शाळा व्यवस्थापन समितीने वेळापत्रकातील कलेचा तास प्रत्यक्षात होतो काय, याची चौकशी करावी. पंचायतीने शाळेची एक भिंत मुलांच्या उंचीपर्यंत सारवून वा चुन्याने रंगवून त्यांच्या स्वाधीन करावी आणि गावातील कुंभारकाकांस वर्षातून दोनदा सन्मानाने शाळेत बोलवावे. याला खर्च नाममात्र येतो.

नारळाच्या झाडाऐवजी बाभळ जेव्हा मुलाच्या कागदावर येईल, तेव्हा ते आपल्या गावाकडे स्वतःच्या डोळ्यांनी पाहू लागले, असे म्हणता येईल. प्राथमिक शिक्षणाकडून याहून अधिक मोलाची अपेक्षा ती कोणती?