गोळी खाली का जाते?

उजनी जलाशयाच्या फुगवट्यात होडीतून काठावर उडी मारणारा मच्छीमार तुम्ही पाहिला असेल. तो पुढे झेपावतो आणि होडी मागे सरकते. पिस्तुलातून गोळी सुटते तेव्हा हेच घडते. गोळी म्हणजे मच्छीमार आणि पिस्तूल म्हणजे होडी.

हा विषय सुचला तो इंदापूर तालुक्यातील एका स्नेह्यांमुळे. त्यांना आम्ही अण्णा म्हणतो. उसाच्या मळ्यात एकटे घर, म्हणून त्यांनी रीतसर परवाना काढून स्वसंरक्षणासाठी ०.३२ बोअरचे पिस्तूल घेतले. एकदा ते सरावासाठी पुण्यातील एका नेमबाजी केंद्रात निघाले, तेव्हा मीही बारामतीहून त्यांच्यासोबत गेलो. लक्ष्य १५ मीटरवर होते. अण्णांच्या बहुतेक गोळ्या मध्यबिंदूच्या वीतभर, कधी त्याहूनही खाली लागत होत्या. “सर, धक्क्याने पिस्तूल हलते. मग नेम कसा राहणार?” अण्णांनी तक्रार केली. ती खरी आहे का, हे गणितालाच विचारू या.

समजा, गोळीचे वस्तुमान ५ ग्रॅम, वेग सेकंदाला २८० मीटर आणि पिस्तुलाचे वस्तुमान ७०० ग्रॅम आहे. संवेग अक्षय्यतेच्या नियमानुसार दोघांचे संवेग समान आणि विरुद्ध दिशांना असतात. म्हणून पिस्तुलाचा मागे येण्याचा वेग = (५ × २८०) ÷ ७०० = सेकंदाला २ मीटर. हाताला बसणारा धक्का तो हाच. नळी मुठीच्या वर असल्यामुळे या धक्क्याने पिस्तुलाचे तोंड वर उडते.

आता नळीची लांबी १० सेंटीमीटर धरा. शून्यापासून २८० पर्यंत वेग वाढताना सरासरी वेग सुमारे १४० होतो. म्हणजे गोळी नळीत जेमतेम ०.०००७ सेकंद असते. तेवढ्यात पिस्तूल १० सेंटीमीटरच्या ५/७०० पट, म्हणजे फक्त ०.७ मिलिमीटर मागे सरकते. पिस्तूल वर उडालेले आपल्याला दिसते तेव्हा गोळी कधीच निघून गेलेली असते. शिवाय धक्का तोंड वर नेतो आणि अण्णांच्या गोळ्या तर खाली लागत होत्या. तेव्हा धक्का निर्दोष!

मग गुरुत्वाकर्षण? १५ मीटर जायला गोळीला सुमारे ०.०५४ सेकंद लागतात. तेवढ्या वेळात ती दीड सेंटीमीटरसुद्धा खाली येत नाही. तेही निर्दोष.

उरला नेमबाजाचा हात. पिस्तूल केवळ १ अंशाने खाली झुकले तर १५ मीटरवर गोळी २६ सेंटीमीटर खाली लागते. पण हात झुकतो केव्हा? धक्का जाणवून हात हलायला साधारण ०.२ सेकंद लागतात, म्हणजे गोळी नळीत असते त्याच्या जवळजवळ ३०० पट वेळ. याचा अर्थ, हात धक्क्यानंतर नव्हे, धक्क्याच्या आधीच हलतो. आवाज आणि हिसका आता येणार या धास्तीने मनगट नकळत पुढे-खाली दाबले जाते.

तेथील प्रशिक्षकांनी याचा पुरावाच दिला. अण्णांना न सांगता त्यांनी खऱ्या काडतुसांमध्ये एक दारू नसलेले नकली काडतूस भरले. त्याची पाळी आली. चाप ओढला, बार झाला नाही, पण पिस्तुलाचे तोंड ठळकपणे खाली गेले! अण्णा ओशाळून हसले. त्या दिवशी उरलेला वेळ त्यांनी रिकाम्या पिस्तुलाचा चाप सावकाश, माशी न हलवता दाबण्यात घालवला.

कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळवले. अशा यशामागे हीच सवय असते. धक्का येणारच, पण त्याची वाट पाहायची नाही.

मळ्यातल्या घरात हा प्रश्न पदकाचा नसतो. चुकलेली गोळी नाहीशी होत नाही. ती खूप दूरवर जाऊ शकते आणि वाटेत कोणाचे अंगण असेल हे तिला ठाऊक नसते. सराव केंद्रात लक्ष्यामागे मातीचा उंच बांध घालतात तो यासाठीच. परतताना अण्णा म्हणाले, “सर, परवाना मिळाला म्हणजे हात तयार झाला असे नाही.”

विद्यार्थी मित्रांनो, शस्त्राला हात न लावताही यातले मर्म तपासता येते. मित्राला पट्टी उभी धरायला सांगा. तिच्या शून्याच्या खुणेशी आपली बोटे उघडी ठेवा. त्याने न सांगता पट्टी सोडली की पकडा. ती २० सेंटीमीटर पडली असेल तर तुमचा प्रतिक्रिया-काल सुमारे ०.२ सेकंद. सूत्र तुम्हाला माहीत आहेच: अंतर = ½ × g × वेळेचा वर्ग. आता मित्राला “एक, दोन, तीन” म्हणून पट्टी सोडायला सांगा. तुमची बोटे “तीन”च्या आधीच मिटतात का? मिटत असतील, तर अण्णांच्या मनगटाला हसू नका!