जीजे ०५ची गाडी धरणगावात आणताना

चि. भाच्यास,


उधन्याच्या काकांची गाडी आखाजीच्या आत धरणगावात आणायची असं घरात जवळपास ठरलं आहे, हे मामाला ताईकडून कळलं. गाडी चार वर्षांची, पेट्रोल, एकहाती वापरलेली, आणि किंमत काका म्हणतील ती. ताईच्या मते सौदा झाला. मामाच्या मते अजून फक्त पंगतीत बोलणं झालं आहे.

खानदेशाला हा प्रकार नवा नाही. सुरतेच्या उधना-लिंबायत भागात आपल्याकडची कितीतरी कुटुंबं कापडधंद्याच्या मागे गेली आणि तिथलीच झाली. लग्नाला, कानबाईला ती जीजे ०५ पासिंगच्या गाड्यांतून येतात. त्यातली एखादी गाडी इकडच्या कुणाच्या तरी मनात भरते आणि इथेच राहते. गाडी येते, कागद येत नाहीत. घरातलाच माणूस, त्याच्याकडे काय मागायचं, या भिडेत वर्ष निघून जातं. परक्याची गाडी घेणारा दहा प्रश्न विचारतो. नात्यातली घेणारा चहा पितो आणि किल्ली खिशात टाकतो. नात्यातली गाडी जरूर घ्यावी, पण विकणारा माणूस अनोळखी आहे असं समजून.

पहिला प्रश्न कराचा. महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या खासगी पेट्रोल मोटारीला एकरकमी वाहनकर ११ टक्के, डिझेलला १३ टक्के. गुजरातमध्ये हा दर ६ टक्क्यांच्या आसपास. आठ लाखांच्या पेट्रोल गाडीला तिकडे साधारण ४८ हजार, इकडे ८८ हजार. सुरतेची गाडी जळगावपेक्षा स्वस्त दिसते, त्यातला एक भाग या करातल्या फरकाचा असतो. पण गाडी एमएच १९, म्हणजे जळगाव पासिंग करून घ्यायची तर महाराष्ट्राचा कर वेगळा भरावा लागतो, गुजरातेत भरलेला इथे चालत नाही. गाडीच्या वयाप्रमाणे तो कमी होतो खरा, तरी चार वर्षांच्या गाडीला काही हजारांत भागत नाही. काकांनी सांगितलेल्या किमतीत ही रक्कम मिळवून मगच जळगावच्या बाजारातल्या तशाच गाडीशी तुलना करावी. बरेचदा फरक उरतच नाही.

मग पासिंग तसंच जीजे ठेवावं का? दाजी हेच सुचवतील, कारण गावात अशा गाड्या फिरताना दिसतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ नुसार दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ ठेवलेल्या गाडीला त्या राज्याचा नंबर घ्यावा लागतो. शिवाय मालकी बदलली की कलम ५० लागू होतं: विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत, राज्याबाहेर ४५ दिवसांत कळवायचं आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत नाव चढवायला अर्ज करायचा. त्यासाठी फॉर्म २९ आणि ३०, आणि सुरत आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८. गाडीवर कर्ज होतं का, हे आरसीवर दिसतंच. कर्ज फिटलं असलं तरी बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ देऊन बोजा उतरवल्याशिवाय गाडी मोकळी होत नाही. काकांनी शेवटचा हप्ता भरला आणि बोजा उतरवायला विसरले, असंही असू शकतं. यात लबाडी नसते, आळस असतो.

नाव न बदलल्याचा फटका घेणाऱ्याइतकाच विकणाऱ्यालाही बसतो, हे काकांना नीट सांगावं. सर्वोच्च न्यायालयाने ६ फेब्रुवारी २०१८ रोजी नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात निकाल दिला. गाडी एकामागून एक हातांतून विकली गेली होती, आरसी मात्र पहिल्या मालकाच्याच नावावर राहिली, आणि मध्येच अपघात झाला. आरटीओच्या दप्तरी ज्याचं नाव, तोच कायद्याने मालक आणि भरपाईची जबाबदारी त्याचीच, असं न्यायालयाने ठरवलं. म्हणजे तू एरंडोलच्या रस्त्यावर कुणाला धडक दिलीस तर नोटीस उधन्याला जाईल. नातं टिकवायचं असेल तर आधी आरसी बदलावी.

विम्याचंही तसंच. थर्ड पार्टी संरक्षण गाडीबरोबर येतं, पण गाडीच्या स्वतःच्या नुकसानीची भरपाई हवी तर पॉलिसीही नव्या मालकाच्या नावावर व्हायला हवी, तीही १४ दिवसांत. काकांचा नो क्लेम बोनस तुला मिळत नाही. तो माणसाचा असतो, गाडीचा नाही. ऐन वेळी हप्ता वाढलेला दिसला की घरात चिडचिड होते, म्हणून आधीच सांगून ठेवलं. जुने ई-चलानही ऑनलाइन पाहून घ्यावेत. सुरतेच्या सिग्नलवरचे दंड धरणगावात भरण्यात काही अर्थ नाही.

कागद झाले, आता लोखंड. जुनी गाडी घेताना मामा आधी रंग किंवा किलोमीटर पाहत नाही, आरसीवरचा बनावटीचा महिना पाहतो. भारतात २०१९ च्या एप्रिलपासून सगळ्या मोटारींना एबीएस आणि जुलैपासून ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची झाली. शेजारच्या सीटची एअरबॅग सगळ्या नव्या गाड्यांत २०२२ च्या सुरुवातीपासून. २०१९ च्या आधीच्या स्वस्त मॉडेलांत यातलं काहीच नसण्याची शक्यता मोठी. २०१४ मध्ये ग्लोबल एनसीएपी या अपघात-चाचणी संस्थेने आपल्या लाडक्या स्विफ्टचं बिनएअरबॅगचं मॉडेल आपटून पाहिलं, शून्य तारे मिळाले. त्याच कंपनीच्या नव्या डिझायरला २०२४ मध्ये पाच मिळाले. तेव्हा कंपनीच्या नावाने छाती ठोकणाऱ्याला मॉडेल कुठलं आणि साल कुठलं, एवढं विचारावं.

गाडी बघायला सुरतेला जाशील तेव्हा सकाळी लवकर पोहोच आणि इंजिन थंड असतानाच चालू करायला सांग. आधीच गरम करून ठेवलेलं इंजिन बरंच काही लपवतं. सीटचा पट्टा पूर्ण बाहेर ओढ: टोकाला चिखलाची रेघ किंवा कुबट वास आला तर गाडी पाण्यात उभी होती. सुरत तापीच्या काठची, २००६ चा पूर तिथे अजून कुणी विसरलेलं नाही, आणि मोठ्या पावसात सखल गल्ल्यांत पाणी भरतं ते आजही. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. २३२१ म्हणजे २०२१ चा तेविसावा आठवडा. चार वर्षांच्या गाडीला सहा वर्षांचा टायर असेल तर तो कुठून आला ते विचार. मीटर मागे फिरवता येतं, सर्व्हिसच्या नोंदी सहसा येत नाहीत. कंपनीच्या वर्कशॉपमधून त्या मागव आणि ब्रेकच्या पॅडलचं रबर किती झिजलंय ते डोळ्यांनी पाहा. ‘डॉक्टरांची गाडी आहे, कमी चाललीय’ हे वाक्य जुन्या गाड्यांच्या बाजारात इतक्या वेळा ऐकू येतं की इतके डॉक्टर या देशात असतील का अशी शंका यावी.

एक फेरी उधन्यातल्या उधन्यात मारून परत येऊ नकोस. नवापूरच्या पुढे कोंडाईबारीचा घाट आहे, गाडी त्याच रस्त्याने घरी येणार आहे. पण तिथे पोहोचेपर्यंत सौदा झालेला असेल, म्हणून सुरतेतच एखाद्या उड्डाणपुलावर चढाला दुसऱ्या गिअरमध्ये क्लच घसरतो का आणि उताराला ब्रेक दाबल्यावर गाडी एका अंगाला ओढते का, हे पाहून घे. ओळखीचा फिटर सोबत नेलास तर त्याचं भाडं आणि दिवसाची मजुरी हा खर्च नव्हे, विमाच समज.

जळगावच्या शोरूमने नवी गाडी दाखवून तुझं मन चळवलं आहे, हेही कानावर आलं. तो विचार अगदी टाकाऊ नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीवरचा जीएसटी १८ टक्के झाला. आधी २८ टक्के आणि वर सेस होता. त्यामुळे जुन्या आणि नव्या गाडीतली दरी पूर्वीइतकी राहिली नाही, आणि काकांनी त्याआधीच्या भावाने मनात धरलेली किंमत आज जास्त आहे, हे त्यांना आदराने सांगता येतं. शोरूमवाला मात्र हप्ता सांगतो, व्याज सांगत नाही. सात लाख, १० टक्के, सात वर्षं: महिन्याला सुमारे ११,६०० रुपये, आणि एकूण व्याज पावणेतीन लाखांच्या घरात. तेच चार वर्षांत फेडलं तर हप्ता १७,७५० आणि व्याज दीड लाखाच्या थोडं वर. चार वर्षांचा हप्ता झेपत नसेल तर गाडी एक नंबर लहान घ्यावी.

इंधनाचा वाद मामा थोडक्यात मिटवतो. तू रोज रेल्वेने जळगावला जातोस. गाडी लागणार लग्नाकार्याला, शेतावर, कधी धुळ्याला. वर्षाला सहा हजार किलोमीटर धरू. पेट्रोल १०५ रुपये आणि अॅव्हरेज १८ धरलं तर वर्षाचे ३५ हजार. सीएनजी ९० रुपये किलो आणि किलोला २५ किलोमीटर धरले तर साडेएकवीस हजार. तेरा-साडेतेरा हजार वाचवण्यासाठी नव्वदएक हजार जास्त मोजायचे, ते वसूल व्हायला साडेसहा वर्षं. शिवाय डिकी टाकीने भरते आणि दर तीन वर्षांनी टाकीची चाचणी करावी लागते. रोज जळगाव गाडीने करणाऱ्याचा हिशेब वेगळा येईल. डिझेल तर नकोच. बीएस ६ डिझेलच्या धुराड्यातल्या फिल्टरला मधूनमधून लांब, एका दमाची धाव लागते. बाजार ते घर एवढ्यावर तो चोंदतो आणि बिल मोठं येतं. काकांची गाडी एप्रिल २०२३ च्या आधीची निघेल, म्हणून २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी ती मुळात बनलेली आहे का, हे पुस्तिकेत पाहून ठेव. अॅव्हरेज इथेनॉलमुळे थोडं कमी पडलं म्हणून लगेच गॅरेज गाठू नकोस.

गाडी आल्यावर तिची परीक्षा आपला मे महिना घेतो. ४५ अंशांत बॅटरी लवकर म्हातारी होते, रेडिएटरमध्ये नुसतं पाणी घातलं की गंज धरतो, आणि कमी हवेचा टायर महामार्गावर तापून फुटतो. कूलंट कंपनीने सांगितलेलंच घाल. हवा सकाळी, टायर थंड असताना तपास. दुपारी पाळधीच्या पुढे पंपावर थांबून जास्त दिसली म्हणून कमी करणारे बरेच आहेत. रात्री कापसाच्या हंगामात जिनिंगकडे जाणाऱ्या ट्रॉल्यांना मागे लाल दिवा असेलच असं धरून चालवू नकोस.

आणि मागच्या सीटचा पट्टा. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघरजवळ चारोटीला उद्योगपती सायरस मिस्त्री गेले ते मागे बसले होते, पट्टा न लावता, आणि गाडी हलकी नव्हती. ताई मागे बसून म्हणेल की मला गुदमरतं. तिला लावायला लावायचं काम तुझं, मामाचं तिने कधीच ऐकलेलं नाही.

आता काकांना फोन कर आणि आरसीचे दोन्ही बाजूंचे फोटो, विम्याची पॉलिसी आणि सर्व्हिसच्या नोंदी मागव. राग आला तर माझं नाव सांग. कागद हातात आले की जळगावच्या आरटीओत कर किती पडेल ते विचारून घेऊ, मग सुरतेचं तिकीट काढ. तोपर्यंत इसार देऊ नकोस.

तुझा
मामा