आजीचे मीठ आणि सहाशे गावे

कोल्हापूर जिल्ह्यातले राधानगरीचे धरण तुमच्यापैकी काहींनी पाहिले असेल. भोगावती नदीवरचे हे धरण राजर्षी शाहू महाराजांनी बांधायला घेतले. त्याचे सात स्वयंचलित दरवाजे प्रसिद्ध आहेत. ते उघडायला माणूस लागत नाही. पाणी ठरावीक पातळीच्या वर चढले, की ते आपोआप उघडतात आणि पातळी उतरली की मिटतात.

आपल्या शरीरातही अशीच एक सोय आहे. ती म्हणजे मूत्रपिंडे. जास्त मीठ पोटात गेले, की शरीर पाणी धरून ठेवते आणि रक्ताचा दाब वाढू लागतो. दाब वाढला, की मूत्रपिंडे जादा मीठ आणि पाणी लघवीवाटे बाहेर टाकतात. तरुणपणी हे काम चोख चालते. वय वाढते तशी मूत्रपिंडे मंदावतात, रोहिण्यांच्या भिंती ताठर होतात. म्हणून तेवढ्याच मिठाने नातवापेक्षा आजोबांचा रक्तदाब अधिक चढतो. असा दाब वर्षानुवर्षे राहिला, तर मेंदूतली एखादी रक्तवाहिनी फुटते किंवा तुंबते. यालाच पक्षाघात म्हणतात. गावाकडे त्याला लकवा म्हणतात.

आता समजा, तुम्ही राधानगरीला राहता. वर्तमानपत्रात बातमी आली आहे : ‘नवे मीठ खा, पक्षाघात १४ टक्क्यांनी टाळा.’ आजी विचारते, “लेकरा, हे मीठ आणायचं का रे?” तुम्ही काय सांगाल? उत्तर देण्याआधी बातमीला तीन प्रश्न विचारायला हवेत.

पहिला प्रश्न : तुलना कोणाशी केली?

या बातमीमागे एक खरा प्रयोग आहे. २०१४ साली उत्तर चीनमधल्या ६०० खेड्यांत तो सुरू झाला. त्यात सुमारे २१,००० माणसे होती. ३०० गावांतल्या लोकांना नवे मीठ दिले. त्यात ७५ टक्के नेहमीचे मीठ, म्हणजे सोडियम क्लोराइड, आणि २५ टक्के पोटॅशियम क्लोराइड होते. उरलेल्या ३०० गावांतले लोक नेहमीचेच मीठ खात राहिले. सुमारे पाच वर्षे दोन्हींकडची नोंद ठेवली.

कोणत्या गावाला कोणते मीठ द्यायचे, हे कसे ठरवले? चिठ्ठ्या टाकाव्यात तसे. हे का, ते आपल्याच तालुक्यावरून समजून घेऊ. समजा, दाजीपूर, ओलवण या डोंगराकडच्या गावांना नवे मीठ दिले आणि राशिवडे, सरवडे या खालच्या ऊसपट्ट्यातल्या गावांना जुने. पाच वर्षांनी डोंगराकडे पक्षाघात कमी दिसले, तर श्रेय कोणाला द्यायचे? मिठाला, की रोजच्या चढउताराला? की तिथल्या जेवणाला? काहीच सांगता येणार नाही. चिठ्ठ्या टाकल्या, की डोंगराकडची आणि खालची गावे दोन्ही गटांत मिसळतात. मग दोन गटांत मोठा फरक उरतो तो मिठाचाच.

दुसरा प्रश्न : हजारात किती?

टक्केवारी ऐकून दचकू नका आणि हुरळूनही जाऊ नका. त्या प्रयोगात नेहमीचे मीठ खाणाऱ्या दर १,००० माणसांत वर्षाला ३३.६५ पक्षाघात झाले. नवे मीठ खाणाऱ्यांत ते २९.१४ झाले. वजाबाकी करा. हजारांत वर्षाला साडेचार पक्षाघात टळले. पाच वर्षांत बावीस-तेवीस.

पण हजारांत एखाद्यालाच पक्षाघात होतो अशा तरुणांच्या गटात तोच १४ टक्के फायदा मोजला, तर एक पक्षाघात टळायला सात वर्षे लागतील! टक्के तेच, माणसे मात्र फार वेगळी. म्हणून ‘किती टक्के’ यासोबत ‘हजारांत किती’ हेही विचारावे.

तिसरा प्रश्न : ती माणसे कोण होती?

प्रयोगातल्या माणसांना पूर्वी पक्षाघात झालेला होता, किंवा ती साठीच्या पुढची असून त्यांना उच्च रक्तदाब होता. त्यांच्या पोटात जाणारे बरेचसे मीठ घरच्या स्वयंपाकातले होते. या बाबतीत आपल्या खेड्यांचे त्यांच्याशी साम्य आहे. आपल्याकडेही मीठ आमटीतून, भाजीतून, लोणच्यातून येते.

पण एक गोष्ट बातमीत बहुधा छापलेली नसते. मूत्रपिंडांचा गंभीर आजार असलेल्यांना या प्रयोगात घेतलेच नव्हते. पोटॅशियम बाहेर टाकणे हेही मूत्रपिंडांचेच काम. ती थकली असतील, तर पोटॅशियम रक्तात साचते आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात, जिवावरही बेतते. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही पोटॅशियम वाढते. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२५ मध्ये अशा मिठाची शिफारस केली. परंतु मुले, गरोदर स्त्रिया आणि मूत्रपिंडांचे रुग्ण यांना त्यातून वगळले.

तेव्हा आजीला सांगा : “आजी, प्रयोग चांगला आहे आणि तुझ्याच वयाच्या माणसांवर झालाय. पण आधी तुझ्या गोळ्या घेऊन डॉक्टरांकडे जाऊ. मूत्रपिंडं ठीक आहेत का, ते रक्त तपासून कळेल. मग ठरवू. आणि आहे ते मीठ कमी करायला आजपासूनच सुरुवात करू.”

करून पाहा

घरात मिठाची एक किलोची पिशवी फोडली, की तिच्यावर तारीख लिहा. संपेल त्या दिवशी दिवस मोजा. १,००० ला दिवसांनी आणि घरातल्या माणसांच्या संख्येने भागा. उदाहरणार्थ, पाच माणसांना पिशवी २५ दिवस पुरली, तर प्रत्येकी रोज ८ ग्रॅम झाले. मोठ्या माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. विकतचे पापड, फरसाण आणि लोणचे या हिशेबात आलेले नाही, हे विसरू नका. तुमच्या घरचा आकडा काढा आणि तो घरातल्या थोरांना वाचून दाखवा.